गुहा, वही आणि दोन खुर्च्या

माळा आवरताना जुनी वही सापडली, अशी लेखाची सुरुवात आजवर इतक्या जणांनी केली आहे की लिहितानाच लाज वाटतेय. पण काय करणार, वही खरंच माळ्यावर सापडली. दोनशेपानी, कव्हरचा कोपरा झुरळांनी खाल्लेला. आत शाळेचा अभ्यास नाही. आत नकाशे आहेत, एका बेटाचे, आणि ते बेट जगाच्या पाठीवर कुठेही नाही.

'मिस्ट' नावाच्या कॉम्प्युटर गेममधलं ते बेट. नकाशे बाबांच्या हातचे, मधल्या टिपा माझ्या तेव्हाच्या भयंकर अक्षरातल्या. साल १९९८. मी तेरा वर्षांची.

वही घेऊन जी बसले ती दोन तास उठलेच नाही (माळा अजून तसाच आहे). मग वाटलं, या गेम्सबद्दल एकदा नीट लिहावं. मारामारीच्या किंवा गाड्या पळवायच्या गेम्सबद्दल नाही. ज्यात एक गोष्ट असते, आपण त्या गोष्टीच्या आत फिरत असतो, आणि कोडं सुटलं तरच गोष्ट पुढे सरकते, ते ॲडव्हेंचर गेम्स. त्यांचा इतिहास बहुतेक ठिकाणी कंपन्यांचा म्हणून सांगतात. कुठली कंपनी कधी निघाली, कधी बुडाली, चित्रं कधी आली, आवाज कधी आला वगैरे. मला तो तसा कधीच वाटला नाही. मला तो घरातल्या माणसांचा इतिहास वाटतो. का ते सांगते.

सुरुवात एका खऱ्याखुऱ्या गुहेपासून करावी लागेल.

अमेरिकेत केंटकी राज्यात मॅमथ केव्ह नावाची गुहा आहे. गुहा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर एखादं लेणं येतं, तसं नाही. जमिनीखाली चुनखडीत पाण्यानं कोरलेलं वाटांचं जाळंच आहे ते. आजवर मोजलेल्या वाटांची लांबी ६८० किलोमीटरच्या वर गेली आहे. साधारण नाशिक-नागपूर म्हणा, तेही सगळं अंधारात. जगात याहून लांब गुहा माहीत नाही.

१८३८ पासून तिथे स्टीफन बिशप नावाचा वाटाड्या होता. गुलाम होता तो. पुढच्या वर्षी गुहा विकली गेली तेव्हा गुहेबरोबर तोही नव्या मालकाकडे गेला. आधी कुणी गेलं नव्हतं अशा कितीतरी वाटा त्यानं शोधल्या, आणि १८४२ साली या गुहेचा नकाशा काढला तो निव्वळ आठवणीवरून. १८५६ मध्ये तो गुलामीतून सुटला आणि पुढच्याच वर्षी गेला. या माणसावर खरं तर वेगळा लेख हवा. इथे त्याला आणायचं कारण एवढंच की या सगळ्या प्रकरणात पहिला नकाशावाला तो.

आता एकदम १९७२. विल आणि पॅट्रिशिया क्राउदर नावाचं जोडपं. दोघंही गुहा धुंडाळणारे. आपल्याकडे शनिवार-रविवारी गडावर जाणारी मंडळी असतात ना, तशी ही सुट्ट्यांमध्ये केंटकीच्या गुहांत सरपटणारी मंडळी. नुसतं भटकायचं नाही, टेप आणि होकायंत्र घेऊन प्रत्येक वाट मोजायची. मोजलेले आकडे हे दोघं घरी आल्यावर कॉम्प्युटरमध्ये भरायचे आणि त्यावरून नकाशे काढायचे. कॉम्प्युटर ही घरात असायची वस्तूच नव्हती तेव्हा! पण विल प्रोग्रामर होता, आणि साधासुधा नव्हे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या आर्पानेटची, म्हणजे आजच्या इंटरनेटच्या पणजोबाची, जोडणी करणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर ज्या मोजक्या लोकांनी लिहिलं त्यांतला हा एक.

शेजारच्या फ्लिंट रिज गुहा आणि मॅमथ केव्ह या आतून जोडलेल्या असाव्यात असा संशय बरीच वर्षं होता, वाट मात्र सापडत नव्हती. ती ९ सप्टेंबर १९७२ ला सापडली. त्या सहा जणांच्या तुकडीत पॅट्रिशिया होती. त्याआधी एका भयानक अरुंद फटीतून आत घुसणारीही तीच. सडपातळ अंगकाठीचा असा उपयोग! विल त्या दिवशी बरोबर नव्हता.

आणि मग काही वर्षांनी त्यांचा संसार मोडला.

गुहेत जाणारी सगळी मंडळी दोघांच्या ओळखीची, त्यामुळे तिथे जाणं विलला अवघड व्हायला लागलं, आणि त्यानं ते बंद केलं. दोन मुली होत्या, त्यांचीही चुटपुट. मग १९७५-७६ च्या सुमाराला त्यानं ऑफिसच्या यंत्रावर फोर्ट्रान भाषेत एक प्रोग्राम लिहिला. चित्र नाही, रंग नाही, फक्त शब्द. तुम्ही एका रस्त्याच्या टोकाला उभे आहात, समोर विटांची छोटी इमारत आहे, असं काहीसं तो सांगणार. मग आपण साध्या इंग्रजीत एक-दोन शब्द टाइप करायचे, उत्तरेला जा, दिवा घे, दार उघड. आत किल्ल्या, दिवा, खायला थोडंसं. पुढे ओढ्याच्या कडेनं गेलं की जाळीचं झाकण. खाली गुहा. मित्रांबरोबर तो डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळायचा, त्यातली थोडी जादू, कुऱ्हाड फेकणारे बुटके, हे त्यानं वरून पेरलं. पण गुहा खरी होती. त्याच केंटकीच्या गुहेचा बेडक्विल्ट नावाचा भाग, जो त्यानं स्वतः मोजला होता. कलॉसल केव्ह हे नावसुद्धा तिथलंच. ज्या वाटांनी तो बायकोबरोबर गेला होता आणि आता जाऊ शकत नव्हता, त्या वाटा त्यानं शब्दांत बांधल्या. कुणासाठी, तर मुलींसाठी. त्या आल्या की खेळतील म्हणून.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून पाणी प्यायले. कारण पुढे कळेल.

डेनिस जर्झ नावाच्या प्राध्यापकानं विलचा मूळ प्रोग्राम शोधून काढला, ते कागद घेऊन खऱ्या गुहेत जाऊन आला आणि २००७ मध्ये त्यावर सविस्तर लेख लिहिला. खेळातल्या खोल्या आणि गुहेतल्या जागा कितीतरी ठिकाणी बरोबर जुळतात. नुसता खेळ खेळलेली एक बाई पहिल्यांदाच बेडक्विल्टमध्ये गेली आणि तिला वाटा ओळखता आल्या, असा किस्साही गुहावाल्यांमध्ये सांगतात. नकाशाची याहून मोठी परीक्षा कुठली!

विलचा खेळ १९७६ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वूड्सच्या हाती लागला. त्याला तो वाढवायचा होता. लेखकाचं नाव क्राउदर एवढंच माहीत. मग त्यानं काय करावं, तर आर्पानेटवर जेवढी म्हणून यंत्रं होती त्या प्रत्येकावरच्या 'क्राउदर' या नावाला पत्र पाठवलं! जाळं लहान होतं म्हणून जमलं. आणि ते जाळं विणणाऱ्यांपैकीच एकाला ते पत्र मिळालं, ही मला फार आवडणारी गंमत. वूड्सनं गुण मोजायची सोय केली, आणखी राक्षस, आणखी खजिने घातले, आणि १९७७ मध्ये तो खेळ यंत्रायंत्रांवर पसरला. एमआयटीच्या पोरांनी त्यावरून 'झॉर्क' केला, त्यातून १९७९ मध्ये इन्फोकॉम कंपनी निघाली... हा भाग सगळीकडे वाचायला मिळतो, म्हणून सोडून देते. फक्त इन्फोकॉमची एक गोष्ट सांगायलाच हवी. ते कोड्यांच्या उत्तरांची पुस्तिका विकायचे, पण उत्तरं अदृश्य शाईत छापलेली. खास पेन फिरवला की एकेक ओळ उमटायची. म्हणजे हरलात तरी एका वेळी थोडंसंच हरायचं.

त्या मूळ गुहेत एक चकवा आहे. सगळ्या खोल्यांचं वर्णन अक्षरशः एकच, त्यामुळे आपण पुढे जातोय की गोल फिरतोय ते कळतच नाही. उपाय एकच, हातातल्या वस्तू एकेका खोलीत टाकत जायच्या. इथे दिवा, तिथे किल्ली. आणि कागदावर लिहून ठेवायचं. आपल्याकडे प्रत्येक किल्ल्याला एक भुयारी मार्ग असतो, तो थेट दुसऱ्या किल्ल्यात निघतो, आणि गावातलं कुणीतरी आत गेलेलं परत आलेलं नसतं. त्याला बहुधा वही न्यायचं सुचलं नसावं.

असो. आता दुसरं घर. कॅलिफोर्नियातलं.

केन विल्यम्स प्रोग्रामर होता. त्यानं कामासाठी घरी टर्मिनल आणलं आणि त्यावर ही गुहा बायकोला दाखवली. रॉबर्टाला कॉम्प्युटरशी काही देणंघेणं नव्हतं, दोन लहान मुलं होती, पण तिला या गुहेनं असं झपाटलं की संपेपर्यंत तिनं सोडली नाही. संपल्यावर आणखी हवं, तर आणखी काही नव्हतंच. मग तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून स्वतःच एक खुनाची गोष्ट रचली आणि नवऱ्याला म्हणाली, हे तू कॉम्प्युटरवर चढव. वर तिची मागणी, याला चित्रं हवीत. तोवर असल्या खेळात चित्रं नव्हतीच. 'मिस्टरी हाऊस' १९८० मध्ये आला, ॲपल टू वर, तिनंच काढलेल्या रेघोट्यांच्या चित्रांसह. लोणच्याच्या पाकिटासारख्या बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून विकला. त्यातून सिएरा कंपनी उभी राहिली, आणि १९८४ मध्ये रॉबर्टाचा 'किंग्ज क्वेस्ट' आला.

रॉबर्टाबद्दल मला आदर आहे, पण किंग्ज क्वेस्टबद्दल माझी तक्रार आहे आणि ती मी नोंदवणारच. त्यात एक म्हातारा बुटका आपलं नाव ओळखायला सांगतो. ओळखायचं कसं, तर आधी ती रुम्पेलस्टिल्टस्किनची परीकथा ठाऊक हवी, आणि मग ते नाव सरळ न लिहिता इंग्रजी मुळाक्षरं उलटी मोजून, ए ऐवजी झेड, बी ऐवजी वाय, असं लिहायचं. उलटा विचार करावा अशी एक चिठ्ठी कुठेतरी सापडते म्हणे. पण नाशिकच्या मुलीनं हे का आणि कसं ओळखावं?

दुसरं उदाहरण माझ्या सगळ्यात आवडत्या मालिकेतलं आहे, म्हणून जास्त राग. 'मंकी आयलंड'. पहिला भाग १९९० चा, रॉन गिल्बर्ट आणि मंडळींनी केलेला, इतका विनोदी की मी खुर्चीतून पडायची बाकी. गिल्बर्टचं मोठेपण असं की जरा चुकलं की मेलात, ही सिएराची खोड त्यानं काढून टाकली. चुका, हसा, पुन्हा करा. पण १९९१ च्या दुसऱ्या भागात एक धबधबा बंद करायचा असतो, पंपाचा नट फिरवून. त्यासाठी काय वापरायचं, तर एक माकड. गुंगवून ताठ केलेलं जिवंत माकड! कारण अमेरिकेत त्या अवजाला मंकी रेंच म्हणतात. आपण म्हणतो पाना. पान्यात माकड कुठून येणार? इंग्लंडमध्येही तो शब्द रुळलेला नाही म्हणे, आणि या कोड्याबद्दल गिल्बर्टनं पुढे स्वतःच कान पकडले. मला ते वाचून फार बरं वाटलं. दोन महिने मी स्वतःला मठ्ठ समजत होते.

कोडं गोष्टीतून उगवावं लागतं, वरून चिकटवून चालत नाही. आपल्या वेताळपंचविशीत हे बघा किती नीट आहे. वेताळ आधी गोष्ट सांगतो, आणि गोष्टीतली माणसं जिथे अडकतात तिथेच प्रश्न उभा राहतो. खरा नवरा कोण? जास्त मोठा त्याग कुणाचा? गोष्ट ऐकली असेल तर प्रश्न कळतो, बाहेरचं काही लागत नाही. उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं, बोललास तर वेताळ पुन्हा झाडावर. याला म्हणतात गेम डिझाइन. :) आणि शेवटच्या प्रश्नावर राजा खरंच निरुत्तर होतो, म्हणून सुटतो.

हे सगळं नीट जमलेला मी पाहिलेला पहिला खेळ म्हणजे मिस्ट. तिसरं घर.

रँड आणि रॉबिन मिलर हे भाऊ. रँड टेक्सासमध्ये एका बँकेत प्रोग्रामर होता, धाकटा रॉबिन चित्रं काढायचा. लहान मुलांसाठी कॉम्प्युटरवरचं गोष्टीचं पुस्तक करूया, असं रँडनं त्याला सुचवलं. रॉबिननं पहिल्या पानावर गटाराचं झाकण काढलं, झाकण उघडलं की त्यातून वेल वर जाते. पुढचं पान काढायच्या ऐवजी त्याला वाटलं, वेलीवरून वर जाऊन बघावं. आणि खालीही. पुस्तक तिथेच संपलं आणि जागा सुरू झाली. तो त्यांचा 'द मॅनहोल', १९८८ चा. मग स्पोकेन गावाजवळ राहून, थोड्या मित्रांना घेऊन, १९९३ मध्ये त्यांनी मिस्ट आणला. साधारण अडीच हजार स्थिर चित्रं, एकावर क्लिक केलं की दुसरं. बस्स. पळणं नाही, मारणं नाही, मरणं नाही, कुणी काय करायचं ते सांगतही नाही. साठ लाखांवर प्रती गेल्या. 'द सिम्स'नं २००२ मध्ये मागे टाकेपर्यंत पीसीवर सगळ्यात जास्त खपलेला खेळ तो होता.

आमच्या घरी तो अमेरिकेतल्या मावसभावाबरोबर आला. सीडीला डबी नव्हती, रुमालात गुंडाळलेली.

बाबा पाटबंधारे खात्यात. अनुरेखक म्हणून लागले, पुढे आरेखक झाले. धरणांचे, कालव्यांचे नकाशे ट्रेसिंग क्लॉथवर काळ्या शाईनं काढणं हे त्यांचं आयुष्य. आमच्या घराला अमोनियाचा एक बारीक वास कायम असायचा, प्रिंट्सचा. तेव्हा ऑफिसात ऑटोकॅडचं वारं वाहू लागलं होतं, ते शिकायचं म्हणून त्यांनी पीएफमधून उचल घेऊन कॉम्प्युटर जुळवून घेतला. पेंटियम, १६ एमबी रॅम. ऑटोकॅड त्यांना आवडलं नाही. रेघेत हात दिसत नाही म्हणायचे.

आणि त्या वर्षी आई घरी नव्हती. जूनपासून धुळ्याला, आजोळी. का, ते हे वाचणाऱ्या नातेवाईकांना माहीत आहे, आणि बाकीच्यांना कळायचं काही कारण नाही. (मावशी, लगेच फोन करू नकोस. यापुढे काही लिहिणार नाहीये.)

बाबा मुळातच कमी बोलणारे, त्यात हे. ते ऑफिसातून यायचे, कुकर लावायचे, मी कोशिंबीर करायचे, आम्ही जेवायचो. एक महिना असा गेल्यावर एका रविवारी मी ती सीडी घातली. बेटावर धक्का, झाडं, दूर दगडी इमारती, कुणीच नाही, नुसता वारा. बाबा मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते. मग विचारलं, "उत्तर कुठे आहे?"

मी म्हटलं, बाबा, आत्ता तर सुरू केलंय, अजून प्रश्नच सापडला नाहीये!

"उत्तर दिशा गं."

आणि त्यांनी दुसरी खुर्ची ओढली. माउस माझ्याकडे, वही त्यांच्याकडे. ज्या नकाशावर उत्तर दाखवलेली नाही तो नकाशा नव्हे, हे त्यांचं तत्त्व. बेटावरचं ग्रंथालय, घड्याळाचा मनोरा, बुडालेलं जहाज, झाडांमधलं रॉकेट, सगळं त्यांनी प्रमाणात काढलंय. पावलं मोजता येत नाहीत म्हणून क्लिक मोजले. एका पानावर खाली लिहिलंय, 'प्रमाण: १ से.मी. = २ क्लिक'. कुठल्याही सरकारी नकाशाला शोभेल असं.

(मिस्टची गोष्ट ज्यांना स्वतः शोधायची आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळा.)

ग्रंथालयात दोन पुस्तकं असतात, एक लाल, एक निळं. प्रत्येकात एक भाऊ कैद झालेला. पानं हरवलेली, त्यामुळे चित्र खरखरीत, बोलणं तुटक. आपण एकेक पान शोधून आणायचं, तसतसं बोलणं स्पष्ट होतं. आणि प्रत्येक जण सांगतो, त्या दुसऱ्यावर विश्वास ठेवू नकोस. वडिलांचं जे झालं ते त्यानं केलं. मला सोडव. शेवटचं पान कुणाला द्यायचं?

उत्तर असं की दोघंही खोटे. वडील जिवंत आहेत, तिसऱ्या, हिरव्या पुस्तकात. हा वडील झालाय स्वतः रँड मिलर, आणि गोष्टीतल्या दोन भावांच्या भूमिका खऱ्या दोन भावांनी वाटून घेतलेल्या. पण मी तेव्हा त्या लाल-निळ्यात महिनाभर घुटमळत होते. दोघांचं ऐकून कुणाची बाजू घ्यायची, हा प्रश्न त्या वर्षी मला नुसता खेळातला वाटत नव्हता. आमच्याकडे प्रकार उलटा होता, कुणी कुणाबद्दल चकार शब्द काढत नव्हतं. एकदा मी बाबांना विचारलं, तुम्ही कुणाला पान द्याल? ते म्हणाले, "मी तर अजून नकाशाच पुरा केला नाही." मला राग आला होता. आता तेवढा येत नाही.

आम्ही अडलो ते भुयारात. एका जगात जमिनीखाली एक छोटी गाडी आहे, रुळांवरची. प्रत्येक फाट्यावर ती थांबते, दिशा निवडायची आणि पुढे. सगळे बोगदे एकसारखे. विल क्राउदरचा चकवाच तो, वीस वर्षांनी चित्रात आलेला, आणि इथे टाकायला हातात किल्लीही नाही. बाबांनी चार पानं भरली, खोडली, पुन्हा भरली. दसरा गेला, दिवाळी गेली.

आज एवढं कुणी अडून राहत नाही. दोन मिनिटांत पूर्ण उत्तर मिळतं, व्हिडिओसकट. मीसुद्धा बघते, खोटं कशाला बोलू. नव्या खेळांपैकी 'ओब्रा डिन' (२०१८) मला अतिशय आवडला, जहाजावरच्या साठ माणसांचं काय झालं ते एकेक करून ओळखायचं, आणि कोडं पूर्णपणे गोष्टीतून उगवलेलं. पुण्यात तयार झालेला 'राजी' (२०२०) खेळले, भावाला शोधायला निघालेली बहीण, त्यातल्या भिंतींवरच्या चित्रांसाठी खेळावा असा, मारामारी मात्र माझ्या हाताबाहेरची. पण ओब्रा डिनमध्ये वही खेळाच्या आतच असते, तीच सगळं टिपून ठेवते. सोय आहे. माळ्यावर मात्र काही उरणार नाही.

आणि २०२३ च्या जानेवारीत रॉबर्टा आणि केन विल्यम्स यांनी, निवृत्तीची वीसेक वर्षं मागे टाकून, एक खेळ आणला. कुठला, तर कलॉसल केव्ह! तीच विलची गुहा, आता त्रिमितीत. ज्या गुहेनं तिला चाळीसेक वर्षांपूर्वी झपाटलं तीच तिनं पुन्हा बांधली. तो मी घेतला आणि बाबांना दाखवला. ते आता निवृत्त आहेत, नजर अधू झालीय. पाच मिनिटं बघून म्हणाले, यात उत्तर बरोबर दाखवलीय. मग त्यांना विल आणि पॅट्रिशियाची गोष्ट सांगितली. त्यांनी एवढंच विचारलं, "मुली खेळल्या का मग?" खेळल्या, म्हटलं. आवडला त्यांना.

तर ते भुयार.

संक्रांतीला आई आली. राहायला आली की भेटायला, ते मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नाही. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात तीळ भाजत होती, आणि कुणी काय बोलावं हा प्रश्न असल्यामुळे आम्ही दोघं आपले कॉम्प्युटरसमोर. भुयाराचा कंटाळा आला म्हणून मी दुसऱ्याच जगातला तो फिरणारा किल्ला फिरवत बसले होते. कळ दाबली की किल्ला वळतो, थांबला की एक आवाज येतो. त्याकडे आम्ही लक्षच दिलं नव्हतं. मग परत भुयारात गेले. गाडी फाट्यावर थांबली, आवाज आला.

आतून आई म्हणाली, "अहो, हा मघाचाच सूर आहे."

तिनं गाण्याच्या परीक्षा दिलेल्या. आमच्या दोघांचा कानाशी संबंध नाही. बाबा म्हणाले, "कुठला मघाचा?" ती हातातलं उलथणं तसंच घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, परत ते पहिलं लाव बघू. किल्ला उत्तरेला वळला, आवाज आला. पूर्वेला, दुसरा. मग भुयारात, तेच आवाज. मधल्या दिशांना दोन आवाज मिसळून येत होते, तेही तिनंच वेगळे करून सांगितले. तीळ करपले त्या दिवशी.

खुर्च्या दोनच होत्या. तिनं पिठाचा डबा ओढला आणि त्यावर बसली, बाबांच्या हातातून पेन्सिल घेतली. वहीचं शेवटचं लिहिलेलं पान तिच्या अक्षरात आहे. चार दिशा, एकाखाली एक, आणि समोर प्रत्येकीचा आवाज. पहिली ओळ, उत्तर: टिंग. बाकीच्या तीन इथे देत नाही. कुणाला खेळायचा असेल तर.